तळाचा थर

पाणी शुद्धीकरण केंद्रात तिला नावानं कुणी हाक मारत नसे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालली की आवाज, म्हणून ती किल्लीबाई. हुद्दा भांडारपाल. अकरा वर्षं भांडार तिच्या ताब्यात होतं आणि तेवढ्या काळात साधा नटबोल्टही इकडचा तिकडे झाला नव्हता. हे ती आपणहून कुणाला सांगायची नाही. पण कुणी म्हटलं, तर नाहीही म्हणायची नाही.

घरून निघताना ती देवापुढे दोन मिनिटं उभी राहायची. मागणं ठरलेलं, आणि मागून झालं की चप्पल घालायची घाई. साडेनवाच्या ठोक्याला भांडाराचं कुलूप निघालं पाहिजे, हा तिचा हट्ट. नवरा चिडवायचा, "तू नाही उघडलंस तर पाणी नळातून यायचं थांबेल का गं?" ती म्हणायची, "थांबणार नाही, पण कसलं येईल ते सांगता येत नाही."

भांडार म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबलचक खोली. दाराजवळ ग्रीस लावलेल्या झडपा, मधे पाइपांचे तुकडे, आणि पार शेवटच्या भिंतीला जंतुनाशक पावडरीच्या गोण्यांची थप्पी. तिथं नाकाला रुमाल लावूनच जावं लागे. त्या पावडरीनं तिच्या एकाही कपड्याचा रंग वर्षभर टिकू दिला नव्हता. रोज सहा गोण्या पाण्याच्या टाक्यांत जायच्या आणि ते पाणी सगळं गाव प्यायचं.

या गोण्या मोजायची तिथे एक रीत होती. तळाचा थर मोजायचा नाही. भांडार हातात देताना आधीच्या म्हाताऱ्या भांडारपालानंच तिला ते शिकवलं होतं. "बाई, खाली फरशी आहे, फरशीला ओल आहे. तळाच्या साठ गोण्या वहीत राहू देत, पण 'वापरण्याजोग्या' म्हणून दाखल्यात धरायच्या नाहीत. ओल लागलेली पावडर म्हणजे नुसतं पीठ." तिनं ते मनावर घेतलं. सावधपणाची रीत होती, आणि सावध माणूस तिला आवडायचा.

पाच वर्षांपूर्वी तिनंच अर्ज करून थप्पीखाली लाकडी फळ्या घालून घेतल्या. आताचे साहेब तेव्हा नुकतेच बदलून आले होते. फळ्या बसल्यावर ते स्वतः आले, खाली वाकून हात घालून बघितलं आणि म्हणाले, "आता कोरडं राहील." राहिलंही. तळाच्या गोण्या वरच्यांसारख्याच खडखडीत. पण दाखला लिहिताना साठ गोण्या वजा करायची सवय तशीच चालू राहिली. नको म्हणून कुणी सांगितलं नाही, आणि तिच्याही डोक्यात आलं नाही.

एरवी पावडर घ्यायची तर निविदा काढायची, दर मागवायचे, नमुना तपासायचा आणि मग माल उतरवायचा. सगळं मिळून पंधरा दिवस. मात्र वापरण्याजोगा साठा दहा दिवसांपेक्षा कमी उरला, असा दाखला भांडारपालानं दिला की तातडीचं कलम लागायचं. मग निविदा नको, नमुना नको. साहेबांच्या एका सहीवर गाडी आत, आणि तपासणी माल उतरल्यावर सवडीनं. गावाला तसंच पाणी पाजता येत नाही म्हणून केलेलं कलम. करणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार.

निविदेची फाईल दरवर्षी दोन महिने आधी साहेबांकडे जायची आणि कुठल्याशा टेबलावर झोपी जायची. मग साठा घटायचा, किल्लीबाई दाखला द्यायची, आणि त्याच दिवशी पावडरीची गाडी दारात हजर. निविदेचा माल येईपर्यंतचे दिवस त्या गाडीवर निघायचे. इतकी वर्षं तिला वाटायचं, देव पावला.

त्या सोमवारी ती कामावर आली तेव्हा सव्वानऊ वाजले होते. फाटकाबाहेर ताडपत्रीनं झाकलेला ट्रक उभा होता. चालक टायरला टेकून चहा पीत होता.

"काय आणलंय?" तिनं विचारलं.

"पावडर. तुमचीच."

"मागवली कुणी?"

"ते मला काय ठाऊक, ताई? परवा भरली, काल निघालो. सोमवारी कागद होईल, तोवर बाहेर थांब म्हणाले."

सोमवारी कागद होईल. तो कागद म्हणजे तिचा दाखला. तो तिनं अजून लिहिलेला नव्हता. लिहायचा आहे हे तिच्याखेरीज कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

साडेनवाची वाट न बघता तिनं कुलूप काढलं. आत जाऊन तिनं थप्पी मोजली. रीतीप्रमाणे वरच्या चोपन्न. नऊ दिवस. मग ती तशीच उकिडवी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं तळाचा थर मोजला. साठ. म्हणजे आणखी दहा दिवस. एकूण एकोणीस. निविदा सहज होऊन जाईल एवढे दिवस.

तातडी नव्हतीच. गेली पाच वर्षं नव्हती. ती दरवर्षी तिच्याच पेनातून निघत होती.

आणि मग जी गोष्ट ती वर्षभर मनात येऊ देत नव्हती, ती आलीच. गेल्या वर्षीच्या तातडीच्या गोण्या वापरायला काढल्या, त्यानंतर महिनाभरानं खालच्या वस्तीत काविळीची साथ आली होती. तिची धाकटी जाऊ तिथंच राहते. सातवा महिना होता. जाऊ वाचली, मूल वाचलं नाही. डॉक्टर म्हणाले, पाण्यातून झालं असेल. घरातल्या सगळ्यांनी किल्लीबाईकडे बघितलं होतं, ते दोष द्यायला नव्हे, धीरासाठी. पाण्यातलं कळणारी घरात तीच.

ती उठली. तळातली एक गोणी फोडून तिनं वाटीभर पावडर घेतली. बाहेर येऊन चालकाला म्हणाली, "एक गोणी दाखवा."

"साहेब रागावतील."

"उतरवून घेणारी मी आहे. वास तरी बघू की नको?"

चालकानं खांदे उडवले आणि ताडपत्री वर केली. दोन वाट्या घेऊन ती प्रयोगशाळेत गेली. पाणी तपासणारी मुलगी तिच्या लेकीच्या वयाची, कामात मात्र चोख. तिनं दोन्हींची तपासणी केली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ही पहिली, क्लोरीन तीस टक्के. एकदम छान. ही दुसरी कुठून उचललीत, बाई? जेमतेम नऊ भरते. नुसता चुना आहे हा."

"तुझ्या वहीत लिही दोन्ही."

"कुणी पाठवली म्हणून लिहू? आमच्याकडे तर ती माल उतरल्यावर येते." मुलीचा आवाज खाली आला. "गेल्या वर्षीही अशीच आली होती. तोवर निम्म्या गोण्या टाकीत गेल्या होत्या. मी तेव्हा साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मात्रा दुप्पट करा."

"मी पाठवली म्हणून लिही," किल्लीबाई म्हणाली.

साहेबांच्या खोलीत पंखा मंद फिरत होता. साहेब कधी आवाज चढवत नसत. म्हणून सगळे त्यांना देवमाणूस म्हणायचे.

"बसा, बाई. दाखला आणलात?"

"आज तळापासून मोजलं, साहेब. एकशे चौदा गोण्या आहेत. तातडी लागत नाही."

साहेब जरासुद्धा दचकले नाहीत. त्यांनी हाताजवळची एक फाईल तिच्याकडे सरकवली. आज सकाळीच काढून ठेवलेली असावी. आत पाच दाखले. पाचही तिच्या अक्षरातले.

"मग हे काय आहे?" साहेबांनी मायेनं विचारलं. "मला भांडारातलं काय कळतं? तुम्ही लिहून दिलंत, मी विश्वास ठेवला. आज तळाचा थर चांगला म्हणालात तर पाच वर्षं तो वाईट कसा होता, असं उद्या कुणी विचारेल. मला नाही विचारणार."

"फळ्या तुम्हीच बघून गेला होतात."

"मी गेलो होतो? आठवत नाही हो." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "निवृत्तीला किती राहिली? तीन वर्षं ना? चार वाजेपर्यंत वेळ आहे. जेवा, शांतपणे विचार करा. घाई कशाची?"

जेवणाचा डबा तिनं उघडला आणि तसाच लावून टाकला. मग जावेला फोन केला.

"पाणी उकळतेस ना गं?"

पलीकडून हसू आलं. "उकळते हो ताई! अहो, वर्षभरात तुम्ही शंभरदा विचारलंत. आता उकळायला ठेवलं की भांडंच विचारतं, ताईंचा फोन आला का म्हणून." मग जाऊ म्हणाली, "ताई, एक सांगायचं होतं. दुसरा महिना लागलाय. अजून कुणाला बोलले नाही. तुम्ही घाबरायचं नाही हं."

किल्लीबाई म्हणाली, "नाही घाबरत. जप." मग फोन ठेवला. तिनं डोळे मिटले. देवाकडे मागायला काही सुचेना. काय करायचं ते तर कळलेलंच होतं, आणि ते सोपं करून दे म्हणायचा धीर होत नव्हता.

तिनं दाखला लिहिला. वापरण्याजोगा साठा एकशे चौदा गोण्या, एकोणीस दिवस. खाली लिहिलं की गेल्या पाच दाखल्यांत तळाचा थर जुन्या रीतीनं वगळला गेला, फळ्या घातल्यावर त्याला ओल नव्हती, चूक माझी आहे. त्याखाली ट्रकचा नंबर, परवा भरल्याचं चालकाचं बोलणं, आणि प्रयोगशाळेच्या दोन्ही नोंदी. दोन प्रती केल्या.

आवक-जावकच्या खिडकीत बसणाऱ्या कारकुनाला सगळे टिवल्या म्हणत. कुणी मेलं तरी विनोद सोडणार नाही असा.

"या किल्लीबाई! आज जुडगा वाजला नाही, मला वाटलं चोर आला."

"शिक्का मार. माझ्या प्रतीवर पोच दे."

टिवल्यानं कागद हातात घेतला. दुसऱ्या ओळीपर्यंत तो हसत होता. मग त्यानं खिडकीतून साहेबांच्या दाराकडे पाहिलं. "बाई," तो हळूच म्हणाला, "हा कागद माझ्याकडे आलाच नाही असं मी म्हणू शकतो. तुमच्यासाठी. घेऊन जा परत."

"मार शिक्का."

त्यानं मारला. एरवी दोनदा ठोकायचा, गंमत म्हणून. आज एकदाच.

चार वाजता साहेबांनी दाखला वाचला, अगदी सावकाश, ओळीवर बोट ठेवून. "बरं केलंत," ते म्हणाले. "चूक स्वतःच्या हातानं लिहून दिलीत. चौकशीचं काम सोपं झालं. उद्यापासून चौकशी होईपर्यंत यायचं नाही. किल्ल्या टिवल्याकडे द्या."

"आणि गाडी?"

"साठा आहे म्हणता ना? मग गाडीचं काय काम? परत जाईल."

कमरेचा जुडगा सोडताना गाठ सुटेना. टिवल्या समोर हात पुढे करून उभा होता.

निरोप घ्यायला प्रयोगशाळेत गेली तेव्हा त्या मुलीनं वहीच्या पानाची नक्कल तिच्या हातात कोंबली आणि दार लावून घेतलं. साडेपाचला किल्लीबाई फाटकाबाहेर आली. ट्रक गेला नव्हता. नुसता वळवून ठेवला होता. आता त्याचं तोंड फाटकाकडे होतं.

"परत नाही निघालात?"

"नाही ताई. थांबच म्हणाले. उद्यापर्यंत काम होईल म्हणाले."

उद्यापर्यंत कसं होईल? एकोणीस दिवसांचा साठा आत पडलेला. तिनं मागं वळून भांडाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. उंबऱ्यावरून पाणी बाहेर येत होतं, पांढुरकं, फेसाळ, आणि इथवर डोळ्यांना झोंबत होतं. आत टिवल्या रबरी नळी धरून उभा होता. तोंडाला रुमाल बांधलेला.

"बंद कर!" ती फाटकातून ओरडली. "अरे, थप्पीवर पाणी जातंय!"

"साहेब म्हणाले, ताबा घ्यायच्या आधी जागा धुऊन घे." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "धूळ फार झालीय म्हणाले."

"फळ्यांखाली सोडलंस?"

"सगळीकडे सोडलंय, बाई. तुम्ही जा आता. तुम्हाला आत घेता येणार नाही मला."

ती फाटकाचे गज धरून उभी राहिली. तळाचा थर आता खरंच भिजला होता. वरच्या चोपन्न उरतील, नऊ दिवसांच्या. उद्या टिवल्या दाखला लिहील आणि त्यातला शब्दही खोटा नसेल. खोटा ठरेल तो आज शिक्का मारून घेतलेला तिचा कागद.

साहेबांच्या वरचं कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि सहाला बंद व्हायचं. पायी वीस मिनिटं. तिनं पिशवीत हात घालून पोच आणि वहीची नक्कल आहे ना ते चाचपलं आणि घराच्या उलट दिशेनं चालू लागली. तिथे कोण भेटेल, भेटला तर वाचेल का, की तोही साहेबांसारखाच मायेनं बोलेल, काही माहीत नव्हतं. पहिल्या वळणापर्यंत ती गेली असेल-नसेल, मागे ट्रकचं इंजिन सुरू झालं. कुणीतरी फाटक उघडल्याचा आवाजही आला. उद्याचीही वाट बघायची नाही असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

ती पळू लागली.