झोपेत मी दात खाते

"झोपेत दात खाता का, आजी?" कल्याणच्या दातांच्या डॉक्टरणीने विचारलं. वयाने माझ्या नातीएवढी.

"झोपेत असते तेव्हा मी तिथे नसते," मी म्हटलं.

ती हसली नाही. "शेजारी कोण झोपतं?"

"उशी."

तेव्हा कुठे हसली. मग आरशात माझ्या दाढा दाखवल्या. टाकी लावायची राहून गेलेल्या पाट्यासारख्या गुळगुळीत. सकाळी जबडा उघडायचा नाही, कानशिलं ठणकायची, म्हणून तर मी मोहन्याहून रिक्षाने तिच्याकडे जात होते. झोपताना दातांत घालायची पट्टी तिने आधी दिली होती, ती मी दोन महिन्यांत चावून फोडली. आता बोटॉक्स, म्हणाली. चावायच्या स्नायूंत टोचलं की त्यांचा जोर उतरतो.

"सुरकुत्या पण जातील का गं?"

"नाही आजी, त्या तशाच राहतील."

तिने दात आवळायला लावले, गालांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि दोन्हीकडे टोचलं. माझं लक्ष सुईकडे नव्हतं. मी दात खाते हे चाळीस वर्षांपूर्वी मला एकाने सांगितलं होतं, आणि त्याला मी खोटं पाडलं होतं.

आमचे हे कारखान्यात होते, दिवसभर यंत्रांच्या आवाजात. एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "तू झोपेत दात खातेस. आमचं मशीन निदान सुट्टीला तरी बंद असतं." यात रागावण्यासारखं काय होतं? पण मी तेव्हा स्वतःला फार नाजूक समजायचे. दात खाणं म्हणजे जंत झालेल्या पोरांचं काम. "तुमचेच कान गेलेत," मी म्हणाले आणि चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी त्यांची गादी उचलून बाहेरच्या खोलीत टाकली. महाराणीच मी. आणि त्याच दुपारी गुपचूप जंतांचं औषध घेऊन आले. म्हणजे खरं काय ते मला ठाऊक होतं.

त्यांना वाटलं असेल, ही बोलवेल. मला वाटलं, येतील. मग दोघांनाही सवय झाली. ते शेवटपर्यंत बाहेरच झोपले. गेले तेही बाहेरच्याच खोलीत.

टोचल्यावर आठवड्याभराने जोर उतरला. ठणका थांबला, पण भाकरीचा घास तोंडात फिरतच राहतो. चकली मी नुसती हातात धरून बघते. एक पोळी संपायला अर्धा तास लागतो, आणि समोर कुणी नसलं की तो अर्धा तास फार मोठा असतो. गालही बसले. वाणी विचारतो, शुगर आहे का?

डॉक्टरणीने फोन केला. "आवाज थांबला का? घरी कुणाला तरी ऐकायला सांगा."

घरी कुणाला? शेवटी शेजारणीला बोलावलं. ती इथलीच, जुन्या शेतकरी घरातली. जिथे त्यांचा भात व्हायचा तिथे आता त्यांच्याच इमारती आहेत. म्हटलं, दुपारी मी झोपते, तू बसून ऐक. ती भिजवलेले वाल घेऊन आली आणि सोलत बसली.

तासाभराने मी उठले. "काय ऐकलंस?"

"काय नाय. इतकी गप निजलीस का मी दोनदा नाकाखाली बोट धरून बघला."

मग मी तिला गादीची गोष्ट सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे तो खरा बोलत होता."

"हो," मी म्हटलं. एवढंच म्हणायचं होतं, तेही भलत्याच माणसाला म्हणाले.

"मंग आत बोलवायचा ना गं बाय."

"बोलवणार होते."

तिने अर्धे वाल माझ्यापुढे सरकवले. सोलून झाल्यावर ती घरी गेली.

औषधाचा असर तीन-चार महिन्यांत उतरतो, मग पुन्हा टोचायला या, असं डॉक्टरणीने सांगितलंय. जाईन. पण त्याआधी एकदा फोन उशाशी ठेवून माझ्या दातांचा आवाज भरून घेणार आहे. जो त्यांनी गादी बाहेर जाईपर्यंत सोसला, तो मी अजून ऐकलेला नाही.