ज्ञानूची इर्जिक

ज्ञानू गेल्याचं मला भोरच्या बाजारात कळलं. वेल्ह्याकडचा एक ओळखीचा आंबेवाला भाव सांगता सांगताच म्हणाला, "तुमचं मास्तर गेलं की वो परवा. तापानं." मी आंबे घेऊन घरी आलो. का घेतले, कोण जाणे... त्याला दीड-दोन महिने झाले. त्याच्याविषयी लिहायला बसलो की पहिल्या ओळीतच त्याचं खो खो हसणं ऐकू येतं. मला प्रत्येक गोष्टीत अपराधी वाटतं आणि त्याला कशातच वाटत नसे. आमची मैत्री टिकली ती बहुधा त्यामुळेच.

आम्ही दोघं पुण्याला कॉलेजात होतो. मी भोरचा, तो वेल्ह्याच्या डोंगरातला. एका आषाढात नीरा भोर गावात शिरली. पाणी ओसरलं, पण नदीकडच्या आळ्यांत गुडघाभर गाळ राहिला. आम्ही दहाबारा विद्यार्थी फावडी-घमेली घेऊन मदतीला निघालो. पुढारी मी, म्हणून ज्ञानू मला 'सेक्रेटरी' म्हणू लागला. निघताना मी एक नियम केला होता : पुरात सापडलेल्या माणसाच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, माझ्या आईनं पाठवलेला चिवडा आपल्याबरोबर. सगळ्यांनी हात वर केले. ज्ञानूनं तर दोन्ही.

पहिलंच घर हुसेनबीचं. नवरा वारल्यापासून ती एकटीच चणे, फुटाणे, लाह्या भाजून विकायची. तिची भट्टी गाळात पार बुडाली होती. नागपंचमी तोंडावर आलेली आणि तिची खरी कमाई त्याच सणाच्या लाह्यांवर. तोवर भट्टी पेटली नाही, तर दुकान मोडून लेकीला घेऊन सारोळ्याला भावाच्या दारात जाऊन राहायचं, एवढंच तिच्या हाती होतं. मी मोठ्या उत्साहानं फावडं उचललं, तर ती दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"पोरांनू, जेवनाचं कसं?"

"त्याची काळजी नको, बी. आम्ही तुमच्याकडचं काही घेणार नाही."

"काहीच न्हाई?"

"कणभरसुद्धा नाही."

"मग माज्या घरातला गाळबी घिऊ नगा. त्योबी माजाच हाय."

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. आम्ही फावडी खांद्यावर टाकून आळीभर नुसते हिंडलो. एका म्हातारीनं तर "वरात कुटं निगाली?" असंही विचारलं. शेवटी घाटाच्या पायऱ्यांवर बसून चिवडा खाऊ लागलो, तेव्हा ज्ञानू म्हणाला, "सेक्रेटरी, आमच्याकडं एकट्यादुकट्याचं काम अडलं की तो इर्जिक घालतो. गाव येतं, काम करतं आन त्याच्या घरी पोटभर जेवून जातं. न जेवता उठला, तर त्यो दानधर्म झाला. मानसाला धर्म लागतो व्हय, घर उभं असताना?"

"मग हे नियम करताना का नाही बोललास?"

"तवा तुज्या आईचा चिवडा दिसत हुता की!"

तो उठला आणि हुसेनबीकडे गेला. "बी, इर्जिक घाला. आमी येतो."

"आन वाढू काय? गाळ?"

"आसंल ते."

असेल ते म्हणजे माळ्यावर राहिलेले गाडगंभर हरभरे. तेवढंच धान्य तिच्या घरात कोरडं होतं. शेजारणीच्या ओट्यावर तीन दगड मांडून, तिचीच कढई मागून, हुसेनबीनं तापल्या वाळूत ते भाजायला घेतले. आमच्यातले सोवळ्या घरचे दोघे घुटमळले, तर ती म्हणाली, "भाजक्याला इटाळ न्हाई रं. तुमच्या आज्ज्या माजंच फुटाणं खात्यात उपास सोडताना." ते दोघे निमूट बसले आणि मग सगळ्यांत जास्त त्यांनीच खाल्लं.

मला मात्र खाववेना. या बाईचं शेवटचं धान्य आपण खायचं? मी माझी मूठ हळूच परत टोपलीत सोडली. तिनं पाहिलंच.

"ह्यो का टाकतोय? खवट हायेत?"

"न्हाई बी," ज्ञानू तोंड भरलेलं असताना म्हणाला, "त्याचं पोट पुण्यानं भरलंय. त्याची मूठ मला द्या. आन आजून हायेत का?"

मी त्याला चिमटा काढला. पण ती हसली! आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच. "मेल्या, नदीपरीस तूच जास्त खातोस," असं म्हणत तिनं त्याच्या पुढ्यात आणखी चणे ओतले आणि पदर खोचून आमच्याआधी स्वतःच गाळात उतरली. दिवसभर ती आम्हाला हुकूम सोडत होती. ज्ञानू घमेल्यासकट दोनदा आडवा झाला. त्यानंतर आळीतल्या घराघरांतून हाका येऊ लागल्या, "आमच्याबी हितं या की, पिठलं टाकलंय!" भट्टी पुन्हा लिंपली आणि पंचमीला हुसेनबीच्या दारात लाह्यांसाठी बायकांची रांग लागली. सारोळ्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

पुढे मी भोरात वकील झालो, तो वेल्ह्याकडे शाळामास्तर. भातलावणीच्या इर्जिकीला तो दर वर्षी बोलावी. मला लावणी येत नाही, आपण नुसतं जेवायला कसं जायचं, म्हणून मी दर वर्षी टाळलं. "आरं, खायाला तरी ये," तो म्हणायचा. मी गेलो नाही. आता हे लिहिताना पेन जड होतं...

या आषाढात निरोप आला : मास्तरांचं भाताचं खाचर पडून आहे, गाव इर्जिक करतंय. मी गेलो. धोतर खोचून चिखलात उतरलो. बायका सरळ रेषेत मागं सरकत रोपं लावत होत्या. माझ्या रोपांची पात मात्र बैलाच्या मुतासारखी वाकडीतिकडी. दुपारी ज्ञानूच्या बायकोनं, वहिनींनी, बांधावर भाकरी, कालवण वाढलं. त्या घरात अजून दुःख ओलं होतं, तरी मी नको म्हटलं नाही. दुसरी भाकरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर दोघी-तिघी हसत उठल्या आणि माझी रोपं उपटून नीट लावायला निघाल्या.

"ऱ्हाऊ द्या गं," वहिनी म्हणाल्या.

"मी बिघडवलं ना, वहिनी?"

"बिघडवायचं काय त्यात, भावजी? ह्यांचीबी पात दर साली आशीच आसायची. ह्यांची पाठ वळली की आमी गुपचूप सरळ करायचो." त्यांनी उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या. "औंदा न्हाई करायची."