कुनाच्या नावानं बसू?

पाय धुऊन, कपाळाला गंध लावून घेतलं की पाटावर टेकण्याआधी तात्या एकच विचारायचे, "कुनाच्या नावानं बसू?"

पितृपक्षात आमच्या शिराळ्याकडच्या गावात घरोघरी म्हाळ असतो. गेलेल्या माणसाच्या नावाने कुणाला तरी पाटावर बसवायचं, खिरीबरोबर त्या माणसाच्या आवडीचं काही वाढायचं आणि पाया पडायचं. पूर्वी भावकीतला कुणीही बसे. आता भावकी पुण्याला गेली आणि उरलेल्यांना हे नकोसं वाटतं. तात्या एकटे, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारे, आणि नाही म्हणणं त्यांना जमत नसे. त्यामुळे आमच्या आळीचे सगळे पूर्वज म्हणजे तेच.

आणि बसत कसे म्हणता! समोरच्या घरचे आबा ठेच्याशिवाय जेवत नसत, म्हणून तात्या डोळ्यांतून पाणी काढत ठेचा खात. माझ्या वडिलांच्या नावाने बसले की रिवाज म्हणून वाढलेली कारल्याची भाजी बोटाने बाजूला सारत. "तुज्या बाला सोसत न्हाई," म्हणत. आई आधी पदराआड हसायची, मग रडायची.

आम्ही थट्टा करायचो. पण हळूहळू थट्टा अवघड व्हायला लागली. दिवाळी झाली तरी टपरीवर कुणी भलत्यालाच "आबा" म्हणून हाक मारली की तात्या "ओ" द्यायचे. शेगडी नीट करायला गेले की त्या घरच्या गेलेल्या माणसासारखे खोकायचे, त्याच्याच जागेवर भिंतीला टेकून बसायचे. समोरच्या घरच्या सुनेने तोंडावर सांगितलं, "आवं, आता येत नगा जाऊ. पोरं भ्यात्यात." ते मुकाट्याने हत्यारं गोळा करून निघाले. माणसाला आपणच पूर्वज करून बसवायचं आणि आपणच भ्यायचं! मला भयंकर राग आला, पण त्याचं काय करावं हे कळेना.

आईने एक दिवस त्यांना सहज जेवायला बोलावलं. ते पाटापाशी उभे राहिले.

"कुनाच्या नावानं बसू?"

"आवं, तुमच्याच," आई म्हणाली. "तुमाला काय आवडतं सांगा, करते."

"हुतं कायतरी," तात्या म्हणाले. "आमची आई करायची. ग्वाड का तिखाट, त्ये बी याद न्हाई." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "गड्या, तू ल्हानपनापासनं बघतुयास मला. मी काय खात हुतो रं?"

मला ठेचा आठवला, तो आबांचा. कारलं नको म्हणणारे आठवले, ते माझे वडील.

पुढे ते झोपेतच गेले. वर्ष उलटून पितृपक्ष आला तेव्हा आई म्हणाली, "त्येंचं कोन करनार? आपुनच करू." बसायला कुणी मिळेना, म्हणून मीच बसलो. खीर झाली, वडे झाले. आई कढईत तेल ठेवून उभी राहिली. तात्यांना काय आवडायचं, हे आळीतल्या बायकांना तिने विचारून पाहिलं होतं. प्रत्येकीने आपापल्या घरच्या गेलेल्या माणसाची आवड सांगितली होती.

तेल धुरायला लागलं. आईने शेगडी बंद केली. ती शेगडी तात्यांनीच नीट करून दिलेली. माझ्या ताटात त्यांच्या आवडीच्या पदार्थाची जागा तिने रिकामी ठेवली आणि पाया पडली.

"जेवा," ती म्हणाली.

मी घास उचलला आणि तसाच थांबलो. ते स्वतःच्या नावाने कसे जेवत, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.