सरूबाईच्या ढिगातली ऊब

वेरूळकडचं शेत वाट्यानं देऊन सरूबाई शहरात, गारखेड्यात लेकाकडं राहायला आली आणि तीन महिन्यांत तिनं अख्ख्या कॉलनीला नाक मुरडायला लावलं. कोपऱ्यातल्या मोकळ्या प्लॉटवर बाईनं खताचा ढीगच घातला! कडुलिंबाचा पाला, मेथीच्या काड्या, टपरीवरचा चहाचा चोथा, पडेगावच्या गोठ्यातलं शेण.

"आत्याबाई, लोक हसतात," सून श्रेया कुजबुजायची.

"हसू दे. हसणाऱ्यांच्याच घरची सालं हायती त्यात."

कॉलनीचे अध्यक्ष सोमनाथराव मात्र हसले नाहीत. "रविवारपर्यंत हटवा, नाहीतर जेसीबी बोलावतो," त्यांनी बजावलं. या शहरात आपलं म्हणावं असं सरूबाईकडं तेवढंच होतं.

शनिवारी सकाळी थंडी अशी, की गल्लीतली कुत्रीसुद्धा स्कूटरच्या सीटवरून उतरेनात. मफलर गुंडाळून फिरायला निघालेले सोमनाथराव प्लॉटपाशी थबकले. ढिगातून पांढरे लोट निघत होते. "आग! आग!" त्यांनी गल्ली उठवली, फोन लावला आणि बंब आलासुद्धा.

पाइप उलगडताच सरूबाई पदर खोचून आडवी आली. "पानी मारू नका! गारठून मरंल त्ये. मंग खरंच सडंल."

"अहो मावशी, आतून पेटलंय!" सोमनाथराव ओरडले.

"वाफ हाय ती. धूर असता तर डोळ्याला झोंबला नसता व्हय? हात घाला की भाऊ, बघा."

सगळी गल्ली बघत होती. अध्यक्षांना माघार घेता येईना. डाव्या हातानं नाक दाबून त्यांनी उजवा हात मनगटापर्यंत आत घातला आणि हळूच नाक सोडलं. घाण कसली! ओल्या मातीचा वास होता. आत गाईच्या पोटाला हात लावावा तशी ऊब, आणखी खोल चटका.

"हे... कुणी तापवलं?"

"कुनी नाय. बारीक जीव हायती, डोळ्याला दिसत नाय. दिसरात खातात, म्हणून तापतं. तुमच्या दुधीची सालं बी तेच खातायत."

बंबावरच्या जवानानं हातमोजा काढून हात घातला आणि पाइप गुंडाळायला घेतला. मग रांग लागली. कालपर्यंत नाकाला पदर लावणाऱ्या बायका बाह्या सारून उभ्या! श्रेयानं हात घातला आणि सासूकडं अशी बघत राहिली, जणू बाई आजच घरात आली.

बंब पाण्याचा थेंबही न सांडता परतला.

"अध्यक्ष, जेसीबी कधी येणार?" कुणीतरी खोडी काढलीच.

"जेसीबी कशाला?" सोमनाथराव म्हणाले, आणि त्यांनी डावा हातही आत घातला.