सुलक्षणाबाईंचं कपाट

सुलक्षणाबाई गावकर परत आलेलं पुस्तक कधी सरळ हातात घेत नाहीत. आधी दोन बोटांनी उचलतात, पाठ धरून टेबलावर झटकतात आणि मग त्यातून काय पडतं ते बघतात. मुलुंड पूर्वेच्या त्या वाचनालयात देवघेवीच्या टेबलामागे बत्तीस वर्षं काढल्यावर ही सवय कुणालाही लागेल. काय काय पडलंय म्हणून सांगू! केस पडलेत, कापलेली नखं पडलीत, फरसाणातली शेव पडली, गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली. मेलेले डास तर पानापानावर चेपलेले असतात. एकदा एका प्रवासवर्णनातून बांगड्याचा काटा निघाला. बाई मूळच्या मालवणकडच्या, माशाशिवाय त्यांना घास उतरत नाही. पण त्या दिवशी मात्र त्यांना मळमळून आलं.

"पुस्तक आसा काय ताट, मेल्यानू?" त्या रिकाम्या हॉलमध्ये ओरडल्या. काटा ठेवणारा केव्हाच दुसरं पुस्तक घेऊन घरी गेला होता.

पण खरी किळस त्यांना थुंकी लावून पानं उलटणाऱ्यांची. पानाचा कोपरा मऊ पडून पिवळा झालेला दिसला, की त्या पुस्तक टाकतात आणि मागच्या नळावर जाऊन साबणाने हात धुतात. कुणाची थुंकी आहे तेही त्यांना ओळखता येतं म्हणे. बँकेतून रिटायर झालेले हर्षद नाबर खालचा कोपरा ओला करतात, आणि शिकवण्या घेणारी रुचिरा वरचा.

बाईंचा जन्म लालबागच्या चाळीतला. वडील गिरणीत होते. संपात गिरणी गेली, मग खोली गेली आणि बिऱ्हाड मुलुंडला आलं. पुढे लग्न झालं तेही मुलुंडमध्येच. नवरा श्यामसुंदर टेलिफोन खात्यात होता, आता घरी असतो. तो फक्त पेपर वाचतो, तोही मागच्या पानापासून. बाईंनी नोकरी करता करता ग्रंथालयाचा कोर्स केला आणि वाचनालयात चिकटल्या त्या चिकटल्याच.

त्यांचं नाव झालं ते मात्र कपाटामुळे. टेबलाच्या शेजारी काचेचं एक छोटं कपाट आहे. त्यात बाईंनी स्वतः निवडलेली चाळीसेक पुस्तकं असतात. "बाई, काहीतरी चांगलं द्या ना," म्हणत माणूस टेबलाशी येतो. बाई चष्म्यावरून त्याचं तोंड न्याहाळतात, घरचं काय चाललंय ते दोन वाक्यांत काढून घेतात आणि कपाटातून एक पुस्तक काढून ठेवतात. "हे वाच. तुला कळेल." एवढंच बोलतात. माणूस घेऊन जातो आणि पंधरा दिवसांनी "काय सुंदर होतं हो!" म्हणत परत आणतो. भांडुपहून, कांजूरहून माणसं यायची ती ह्या कपाटासाठी. पोरं नाहीत, गावाकडे घर नाही, सोनंनाणं नाही. बाईंकडे आपलं म्हणण्यासारखं ते कपाटच होतं.

आणि नेमकं तेच यज्ञेशच्या डोळ्यांत खुपलं. हा यज्ञेश कर्णिक वाचनालयाचा नवा अध्यक्ष. चाळिशीचा, गुळगुळीत, सगळ्यांना 'मॅम' म्हणणारा. त्याने सभासदांचा फोनवर ग्रुप काढला आणि फर्मान सोडलं, की प्रत्येकाने आपलं आवडतं पुस्तक सुचवायचं. वर्धापनदिनाला सभा होईल, तिथे ठराव करू. बाईंचं कपाट काढायचं आणि त्या जागी सभासदांच्या पसंतीचं लावायचं.

"एकाच माणसाने सगळ्यांची आवड का ठरवायची, मॅम?" तो गोड हसत म्हणाला.

बाईंनी तो ग्रुप उघडला. 'मनाला स्पर्शून जाणारं.' 'अंतर्मुख करणारं.' 'प्रत्येकाने एकदा तरी वाचावंच असं.' साठ जणांनी साठ पुस्तकं सुचवलेली, आणि सगळ्यांची भाषा एकाच तोंडातून ओघळल्यासारखी. रुचिराने तर कमालच केली. फोनला विचारून लिहून घेतलं ते घेतलं, खाली 'हे आणखी थोडक्यात लिहून देऊ का?' हे मशीनचं वाक्यसुद्धा तसंच राहू दिलं. आणि त्यावर तेवीस जणांचे अंगठे! म्हणजे लिहिणारीने वाचलं नव्हतं आणि अंगठेवाल्यांनीही नाही. शी! उष्टं खाल्लं तरी माणसाला चव कळते, ह्यांना तीही नाही. बाईंनी फोन पालथा ठेवला आणि हात धुवून आल्या.

वर्धापनदिनाच्या तीन दिवस आधी दुपारी चेतना आली. चेतना एका लॅबसाठी सकाळी घरोघर जाऊन रक्त गोळा करते. नवरा दोन वर्षांपूर्वी तिला सोडून गेला होता, आणि आता तो रोज फोन करून 'परत येतो' म्हणत होता. पंधरा दिवसांपूर्वी हे तिने टेबलाशी उभं राहून सांगितलं, तेव्हा बाईंनी कपाटातून खलाशाच्या बायकोची कादंबरी काढून दिली होती. खाडीकाठच्या गावातली बाई, तिचा नवरा बोटीवर गेला तो वर्षानुवर्षं आलाच नाही, अशी ती गोष्ट. "हे वाच, तुला कळेल," म्हणाल्या होत्या.

चेतनाने पुस्तक टेबलावर ठेवलं. बाई ते झटकणार तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, पुढची पानं कुठायत?"

"कुठली पानं?"

"शेवटची. रात्री तिच्या दाराची कडी वाजते, ती उठते, आणि पुठ्ठाच आला. संपलंच."

बाईंनी पुस्तक उलटं करून पाहिलं. दोनशे चोवीस पानं, आणि त्यापुढे कोरा पुठ्ठा. सहा वर्षांपूर्वी ते बाइंडिंगला दिलं होतं, त्या वेळी बाइंडरने शेवटची सोळा पानं शिवलीच नव्हती. बाईंनी पुस्तकाच्या मागच्या खिशातलं कार्ड बाहेर काढलं. बाइंडिंगनंतर घातलेलं नवं कार्ड होतं ते, आणि पुस्तक नेणाऱ्यांची नावं त्यावर ओळीने होती. चेतनाच्या वर अकरा सभासद. अकरा! आणि सहा वर्षांत एकही माणूस टेबलाशी येऊन म्हणाला नव्हता, की अहो, गोष्ट संपत नाही. उलट हर्षद नाबरांनी परवाच ग्रुपवर हीच कादंबरी सुचवली होती. 'शेवट वाचून रात्रभर झोप लागली नाही.'

"तोंडार शिरा पडो ह्यांच्या!" बाई उभ्याच राहिल्या. काटे, नखं, थुंकी परवडली. निदान ती माणसं पुस्तकापर्यंत पोचली तरी होती. ह्या लोकांनी पुस्तक घरी नेऊन पंधरा दिवस टीपॉयवर ठेवलं, पाहुण्यांना दाखवलं आणि परत आणून बाईंच्या तोंडावर 'सुंदर' म्हणाले. आणि बाईंनी तो शब्द बत्तीस वर्षं खरा मानला होता.

अकराही नावांच्या वर, अगदी पहिल्या ओळीत, 'सु. गावकर' असं होतं. बाइंडिंगहून आल्यावर एकदा पुन्हा वाचू म्हणून त्यांनी ते घरी नेलं होतं. त्या ओळीवर त्यांची नजर थांबली नाही. आपलं काय, आपण ती फार पूर्वीच वाचलेली आहे.

"मग शेवटी काय होतं, ते तुम्हीच सांगा ना," चेतना म्हणाली. "दार उघडते का ती?"

"थांब गं. आधी ह्या लोकांकडे बघते. रविवारी ये, सभेत सांगते."

"रविवारपर्यंत चालेल. नवऱ्यालाही मी सोमवारी सांगते म्हटलंय."

रविवारी सकाळी हॉल भरला. बटाटेवड्याचा तेलकट वास, कागदी कपातला गोडमिट्ट चहा, आणि वडा खाल्लेल्या बोटांनी नवी पुस्तकं चाळणारे सभासद. बाई कोपऱ्यात पदर नाकाला लावून बसल्या होत्या. यज्ञेशने ठराव मांडला, टाळ्या पडल्या, आणि "कुणाला काही बोलायचंय?" असं त्याने उगाच विचारलं.

"मला बोलायचंय," म्हणत बाई उठल्या. त्यांनी ती कादंबरी उंच धरली. "नाबरसाहेब, तुम्ही ही सुचवलीत ना? हिच्या शेवटाने तुमची झोप उडाली. काय होतं हो शेवटी?"

नाबर वडा गिळत उठले. "ते म्हणजे... अनुभवायलाच हवं, बाई. शब्दांत नाही सांगता येत."

"रुचिरा, तूही नेली होतीस. तू सांग."

"नवरा परत येतो ना," रुचिरा म्हणाली. तेवढ्यात मागून कुणीतरी "छे, ती जीव देते" म्हणालं, आणि आणखी कुणी "तिला मुलगा होतो," असंही.

बाईंनी कार्डावरची अकरा नावं एकेक करून मोठ्याने वाचली. मग पुस्तक उघडून तो कोरा पुठ्ठा सगळ्यांसमोर धरला. "ह्याला शेवटच नाही. सहा वर्षं नाही. बाइंडरने गिळला आणि तुम्ही ढेकर दिलात! लाज नाही वाटत? न वाचलेलं पुस्तक दुसऱ्याला 'वाच' म्हणून सांगता? ह्याच्यापेक्षा थुंकी लावा रे बाबांनो, पण वाचा!"

नाबर खाली बसले. रुचिरा फोनमध्ये डोकं घालून काहीतरी खोडत होती. यज्ञेशने घसा साफ केला, समितीच्या दोन सभासदांकडे पाहिलं आणि म्हणाला, "ठीक आहे, मॅम. कपाट राहू दे." मागच्या रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. बाईंचा ऊर भरून आला. बऱ्याच दिवसांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

टाळ्या थांबल्या तेव्हा चेतना भिंतीशी उभी होती. तिने हात वर केला होता. "बाई, आता सांगा ना. दार उघडते का ती?"

बाईंनी सांगायला तोंड उघडलं. कडी वाजते, ती उठते... आणि मग? त्यांनी डोळे मिटले. पुढे काहीच नव्हतं. विसरलेलं असतं तर निदान अंधूक काहीतरी हाताला लागलं असतं. कादंबरी पहिल्यांदा वाचनालयात आली तेव्हा टेबलाशी बसून त्यांनी अर्धी वाचली होती आणि कुणीतरी मागितली म्हणून देऊन टाकली होती. बाइंडिंगनंतर घरी नेली, तेव्हा ती आठ दिवस शिलाई मशीनवर पडून होती. त्यावर श्यामसुंदरचा चष्मा असायचा. बाईंना हे सगळं लख्ख आठवलं. आपल्याच अंगाला कुबट वास येतोय असं त्यांना वाटलं, आणि ह्या वेळी नळापर्यंत जाण्यातही अर्थ नव्हता.

एक शब्द पुरला असता. 'उघडते' म्हटलं असतं तरी सगळ्यांनी मान डोलावली असती आणि 'नाही' म्हटलं असतं तरी. आणि चेतनाने सोमवारी नवऱ्याला तेच सांगितलं असतं.

"मला माहीत नाही गं," बाई म्हणाल्या. "मीही पुरी वाचलेली नाही."

नाबर हसले. मोठ्याने हसले. यज्ञेश खुर्चीत सरळ झाला. चेतना मात्र हसली नाही, चिडलीही नाही. तिला खरंच समजत नव्हतं.

"पण मग तुम्ही मला का म्हणालात, हे वाच, तुला कळेल?"

बाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"मी सगळ्यांनाच तसं म्हणते," त्या म्हणाल्या.