मिरीएवढी, हरभऱ्याएवढी, बोराएवढी

आमच्या घरात भांगेचं माप ठरलेलं होतं. मुंज झालेल्या मुलाला शिवरात्रीला मिरीएवढी गोळी, मिसरूड फुटलं की हरभऱ्याएवढी, आणि कमावता झाला की बोराएवढी. बायकांसाठी माप नव्हतं, कारण बायकांना ती मिळतच नसे. लग्न होऊन साताऱ्याहून उज्जैनला आले तेव्हा मला याची गंमत वाटली होती. इथे भांग सरकारमान्य दुकानात मिळते, महाकालाला तिचा शृंगार होतो आणि सभ्य माणसं तिला विजया म्हणतात. दारू म्हणजे नशा, विजया म्हणजे प्रसाद. पाच-सहा वर्षांत मीही तसंच बोलायला लागले.

माझे सासरे कचेरीतून निवृत्त झालेले. मी त्यांना मामंजी म्हणायची. रोज संध्याकाळी ते माधवनगरच्या आमच्या घराच्या ओट्यावर पाटा-वरवंटा घेऊन बसत. भांग, बडीशेप, मिरी, खरबुजाच्या बिया आणि बदाम. बदाम भिजत घालणं आणि सोलून देणं हे काम माझं. बदामाने बुद्धी वाढते, तेव्हा ज्या गोळीत बदाम आहेत त्या गोळीनेही वाढत असणार, असा आमचा सगळ्यांचा हिशेब. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते, तरी हे गणित मी कधी तपासून पाहिलं नाही.

मामंजी वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवते. नातवावर त्यांचा जीव होता. दर रविवारी त्याला रामघाटावर आंघोळीला नेत आणि पायऱ्यांवर बसवून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी म्हणून घेत. "तेरा अडीच?" असं विचारायचा अवकाश, पोरगा "साडेबत्तीस" म्हणून मोकळा. क्षणभर अडखळला तर मामंजी चुटकी वाजवत. "रुकायचं नाही. अडला तो संपला." घाटावरचे पंडे कौतुकाने ऐकत उभे राहत. मलाही तेव्हा फार अभिमान वाटे.

मुलगा नववीत गेला आणि आजोबांसोबत भांग वाटायला बसू लागला. मामंजींचे हात दुखत, हे खरंच होतं. वरवंट्याला लागलेलं वाया जाऊ नये म्हणून तो बोट फिरवून चाटायचा. आधी सोमवारी, मग रोज. कुणी चोरून काही करत नव्हतं. भर ओट्यावर, आजोबांच्या शेजारी, आल्यागेल्याच्या देखत चाललं होतं.

आणि एकदा मी स्वतः दिली. सहामाहीच्या आदल्या दिवशी तो घाबरून रडवेला झाला होता. मामंजी म्हणाले, "हरभऱ्याएवढी दे, चित्त ठिकाणावर येईल." मी माझ्या हाताने गोळी आणि वर पेलाभर दूध दिलं. तो शांत झाला आणि मला बरं वाटलं. या गोष्टीची लाज मला आजही वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

पुढच्या दोन महिन्यांत मी जे पाहिलं ते शाळेत बाई म्हणून इतकी वर्षं काढली नसती तर दिसलं नसतं. पोरगा पुस्तक उघडायचा आणि तासाभराने तेच पान. उदाहरणाची पहिली ओळ करायचा, दुसरीला विचारायचा, "आई, काय काढायचं होतं?" दळण आणायला पाठवलं तर डबा गिरणीवरच विसरून यायचा. चिडायचा नाही, भांडायचा नाही. आमचे हे म्हणायचे, किती शांत झाला बघ. मला ती शांतता आवडेना. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता मी विचारलं, "तेरा अडीच?" तो माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मग हसला आणि म्हणाला, "रहने दे ना, आई."

दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन नानाखेड्याजवळच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी त्याला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "बहनजी, घर की छत डलते देखी है? जब तक गीली है, उस पर कोई चलता है क्या? इस उम्र में दिमाग की छत गीली रहती है." मी विचारलं, गेलेलं परत येईल का? ते म्हणाले, "कितना गया, मैं नहीं बता सकता. किसी का ज़्यादा जाता है, किसी का कम. बंद करोगी तो लौटने की उम्मीद है." खोटा धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

घरी येऊन सांगितलं, तर वादळ झालं. मामंजी म्हणाले, "इतकी वर्षं घेतोय मी. माझं काय बिघडलं?" मी म्हटलं, तुम्ही रोजची नोकरी लागल्यावर सुरू केलीत, हे तुम्हीच सांगता. मग त्यांची गाडी देशात काय चाललंय यावर घसरली. त्या वर्षांत घराघरांत केबल आली होती, कोपऱ्यावरच्या दुकानात परदेशी काळ्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या लागल्या होत्या, आणि मुलाला संगणकाचा क्लास लावा म्हणून आमचे हे मागे लागले होते. "बाहेरचं सगळं घरात घ्या," मामंजी म्हणाले, "आणि महाकालाचा प्रसाद तेवढा फेकून द्या." हे पेपर उघडून बसले. शेजारीण म्हणाली, शंकराचा कोप होईल. मी म्हटलं, शंकराने हलाहल पचवलं, त्याची गोष्ट वेगळी. आमच्या घरात मामंजींना वांगं पचत नाही.

बोलून उपयोग नव्हता. चार दिवसांवर शिवरात्र आली होती.

त्या संध्याकाळी मामंजींनी पूजा केली, नैवेद्य दाखवला आणि ताटलीत गोळ्या मांडल्या. घाटावरचे त्यांचे दोन मित्र आले होते. मुलाने सवयीने हात पुढे केला. मी त्याच्या हातावर माझा हात ठेवला आणि म्हटलं, "आधी मला द्या."

मित्र हसले. मामंजी म्हणाले, "सूनबाई, बायका घेत नाहीत."

"प्रसाद आहे ना?"

"आहे. पण तुला उद्या शाळेत शिकवायचंय."

"त्यालाही उद्या शिकायचंय." मी हात मागे घेतला नाही. आमची मुलगी, त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, दारात उभी होती. मी तिला पुढे घेतलं. "मग हिला द्या. मिरीएवढीच. हिची तर उद्या परीक्षाही नाही."

"वेडी झालीस का?" मामंजी ओरडले. "एवढ्याशा पोरीला? दिमाग खराब होईल तिचा."

ते बोलले आणि थांबले. मी मुलाकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे. त्यांनी स्वतःची गोळी उचलली, मित्रांच्या त्यांना दिल्या आणि ताटली झाकून ठेवली.

त्यानंतर कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. यांनी वडिलांचा अपमान केलास म्हणून सुनावलं. देवळाच्या रांगेत बायका मला बघून कुजबुजत. मी रांगेत उभी राहतच होते. महाकाल माझाही आहे, आणि त्याला मी काय देते आणि त्याच्याकडून काय घेते हे ठरवणारे दुसरे कोण? बदाम मी भिजत घालणं बंद केलं. मामंजी आपली गोळी बिनबदामाची वाटून घेत राहिले.

मुलाचे सुरुवातीचे दिवस वाईट गेले. झोप नाही, भूक नाही, सगळ्यांवर खेकसणं. मी म्हटलं, खेकस. नववी जेमतेम सुटली.

पुढल्या श्रावणात एका रविवारी मी घाटावर कपडे सांभाळत बसले होते. आंघोळ करून आजोबा-नातू पायरीवर बसले. बऱ्याच महिन्यांनी मामंजींनी विचारलं, "तेरा अडीच?"

पोराचे ओठ हलत होते. मामंजींचा हात चुटकीसाठी वर आला. मग त्यांनी तो हळूच मांडीवर ठेवला आणि नदीकडे बघत थांबून राहिले. मी त्यांना कुणासाठी असं थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"साडेबत्तीस," पोरगा म्हणाला.

पूर्वीसारखं नव्हतं ते. पूर्वीसारखं पुढेही कधी झालं नाही, आणि मी ते कुणाला माफ केलेलं नाही, स्वतःलाही नाही. पण उत्तर त्याचं त्याने शोधून आणलं होतं.

घरी आल्यावर मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार बदाम भिजत घाल. नातवासाठी. नुसते."