हेल्मेटातली वांगी

त्या संध्याकाळी आम्ही दोघं डिंडोलीच्या बाजारातून स्कूटरवर परतत होतो. अंबाडा मोडतो म्हणून बायकोनं हेल्मेट मांडीवर उलटं धरलं आणि त्यात भरताची वांगी ठेवली. टेम्पोनं मागून ठोकलं. माझा गुडघा सोलला, ती गेली, वांग्यांना ओरखडाही नाही.

परवा कॉलेजची पोरगी आली. अपघातात कुणाला किती मार लागतो आणि का, याचं गणित ती कॉम्प्युटरवर मांडते.

"काका, काकूंनी हेल्मेट घातलं होतं?"

"मग काय हातात धरलं होतं?"

मेलेल्या बाईला कोणी बेफिकीर म्हणू नये, म्हणून मी तसं बोललो. पोरीनं 'घातलं होतं' लिहिलं. ती गेल्यावर सुचलं, आता हिचं गणित म्हणणार, हेल्मेटाचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या कॉलेजात गेलो. म्हटलं, "खोड ते, पोरी. माझी बायको हट्टी होती, तसं लिही."